वाट पाहणारी पेज

नरकचतुर्दशीच्या पहाटे पेडण्याच्या माझ्या माहेरी चूल पेटते ती अंघोळीच्या पाण्यासाठी. रात्रभर नरकासुर मिरवून, पहाटे त्याला आग लावून भाचरे काजळलेल्या तोंडांनी परत आलेली असतात. उटणे होते, तुळशीपुढे पायाखाली कारीट फुटते, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि पानावर बसायचे. पानात काय? फोव, म्हणजे पोहे. दुधागुळातले, नारळाच्या रसातले, ताकातले, फोडणीचे, आणि नुसते खोबरे-तिखट-मीठ लावलेले. बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ. सरदाचे भात नुकतेच कापून झालेले असते, त्यामुळे सणाचा मान नव्या तांदळालाच. मग दिवसभर या घरचे फोव त्या घरी आणि त्या घरचे या घरी.

पुण्याच्या माझ्या नणंदेला हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा ती म्हणाली, “एवढंच? आम्ही पंधरा दिवस चकल्यांच्या सोऱ्याला लटकलेल्या असतो.” हल्ली आमच्याकडेही लाडू-करंज्या होतात, पण गोव्यातल्या दिवाळीचा कणा अजून हाच आहे: पोहे भिजवायला पाच मिनिटे लागतात आणि कोणी केव्हाही आले तरी ते पुढे करता येतात.

पाच प्रकार म्हणजे साधेपणा कसला, असे कोणी विचारील. प्रश्न बरोबर आहे. प्रकार पाच असोत की एक, ते खाल्ले जात असताना घरातले किती जण उभे आहेत, हे मी अलीकडे मोजू लागले आहे. माझे माहेर पेडण्यात आणि सासर डिचोलीत. या दोन तालुक्यांतल्या दोन स्वयंपाकघरांनी मला ही मोजणी शिकवली.

साडेदहाची वेळ

आमच्या लहानपणी घड्याळात साडेदहा वाजले की ‘पेजेची वेळ’ होई. सकाळी चहा पिऊन शेतात गेलेले बाबा आणि गडी तेव्हा परतत. चुलीच्या मागच्या बाजूला मडक्यात उकड्या तांदळाची पेज असे. मूठभर तांदूळ, त्याच्या सात-आठ पट पाणी, मीठ, आणि मंद जाळ. तांदळाचा दाणा फुगून मऊ होतो, पण फुटून लगदा होत नाही. वर तांबूस निवळ राहते. सोबत काय, हा प्रश्न आईला कधी पडलेला मला आठवत नाही. खारातला आंबा, नाही तर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, नाही तर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर. श्रावणात यातले मासे गळत आणि कुळथाची उसळ येई. भूक लागेल तसा एकेक जण येई आणि करवंटीच्या दवल्याने वाढून घेई.

तेव्हा हे गरिबीचे खाणे वाटायचे. शाळेतल्या मैत्रिणीला सकाळी काय खाल्ले ते सांगताना मी ‘पोळी-भाजी’ असे खोटे सांगत असे. पेजेची दोन मोठी गुपिते कळायला पुढे वीस वर्षे गेली.

पहिले तांदळात आहे. भात सालासकट उकडून, वाळवून मग कांडला की कोंड्यातले ब-1 जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्याच्या आत उतरते आणि साल काढल्यावरही उरते. पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळात ते जवळजवळ निघून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या. बेरीबेरी या रोगाचा माग तिथून लागला आणि 1929 साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आमच्या आज्यांना हे नाव ठाऊक नव्हते, पण पाहुण्यांसाठी सुरय, म्हणजे सडीक तांदूळ, आणि घरच्यांसाठी उकडे, ही वाटणी त्यांनी कधी मोडली नाही. पाहुण्यांना शुभ्रपणा मिळे, घरच्यांना ताकद.

दुसरे गुपित असे की पेज वाट पाहते. पोळीला गरम तव्याशी कोणी तरी उभे लागते आणि खाणाऱ्याने वेळेवर बसावे लागते. माशाचे कालवण दुसऱ्यांदा तापवले की मासा मोडतो. पेज मात्र कोमट झाली तरी चालते, उन्हाळ्यात तर गार झालेलीच बरी. उशिरा येणाऱ्यावर ती रागावत नाही, आणि जिने रांधली तिलाही रागावू देत नाही.

हप्ते आणि पिठी

मी लग्न होऊन डिचोलीत आले तेव्हा तालुका लोह खनिजाच्या धुळीने तांबडा झाला होता. रस्त्याला ट्रकांची रांग, अंगणातल्या तुळशीवर तांबडा थर, आणि घरोघरी एक तरी माणूस ट्रक, बार्ज नाही तर खाणीच्या कामावर. पैसा येत होता. ताटात विसवणासारखा महागाचा मासा येत होता. पेज केव्हा बंद झाली ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. 2014 मध्ये बंदी उठली, काही काळाने काम थोडेफार सुरू झाले, आणि 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प. आमच्या आळीत ट्रक ताडपत्रीखाली उभे राहिले. चाकांभोवती गवत वाढले, बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले.

त्या दिवसांत आमच्या घरी भांडणे जेवतानाच होत. दिवसभर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात चिंता करी आणि रात्री सगळे एका जागी आले की कोणी तरी भाजीवरून सुरुवात करी. भाजी खारट असे, पण बोलणे हप्त्यांबद्दलचे असे. एका रात्री सासूबाईंनी काहीच न सांगता कुळथाची पिठी आणि भात एवढेच केले. लसूण ठेचून तेलात टाकायची, त्यावर पाणी, दोन सोलां (आमसुले), मिरची, मीठ. उकळी आली की पाण्यात कालवलेले कुळथाचे पीठ सोडून ढवळायचे. दहा मिनिटांचे काम. त्या म्हणाल्या, “आता रोज रात्री हेच. कोणाला वेगळं हवं असेल त्याने उठून करावं.”

पहिले चार दिवस तोंडे वाकडी झाली. पाचव्या दिवसापासून ‘आज काय आहे’ हा प्रश्न घरातून गेला, आणि त्या प्रश्नाला धरून येणारी निम्मी भांडणेही गेली. हप्ते होते तसेच राहिले. कुळथाने कर्ज फिटत नाही. पण कर्जाची चर्चा जेवण आटोपल्यावर, मागच्या पडवीत, कागद पुढे घेऊन होऊ लागली. खाणींची गाडी आता पुन्हा हलू लागली आहे. लिलाव झालेल्या पहिल्या खाणपट्ट्यांत डिचोलीचाच होता. आमच्याकडे रात्रीची पिठी मात्र आठवड्यातून चार दिवस अजून असते.

चार माणसे, चार घड्याळे

पेडण्यात खाण नव्हती, तिथे विमानतळ आला. मोपाच्या पठारावरून 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने उडू लागली. माझा एक भाचा तिथे कामाला आहे, दुसरा तुयेच्या एका कारखान्यात, भाऊ पंचायतीच्या कामात, आणि भावाची सून म्हापशाला नोकरीला. एकाची पाळी पहाटे पाचला सुरू होते, दुसऱ्याची रात्री अकराला संपते.

दोन वर्षे वहिनी या चारही घड्याळांना पुरून उरली. ज्याला जेव्हा हवे तेव्हा गरम जेवण. मग तिचे गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि विश्रांती घ्यायला सांगितले. मी तिला म्हटले, “स्वयंपाकाला बाई ठेव.” ती हसली आणि म्हणाली, “माका रांदपाचो कंटाळो ना गो, उबें रावपाचो आसा.” रांधायचा कंटाळा नाही, उभे राहायचा आहे.

हे वाक्य मी घरी घेऊन आले. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात. हे काम करणारे पुरुष 88 मिनिटे. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनी नऊ मिनिटे परत घेतली. या आकड्यांतल्या पुरुषांत आमच्या घरचेही येतात. जवळजवळ पाच तासांपैकी किती वेळ प्रत्यक्ष रांधण्यात जातो आणि किती वेळ कोणाची तरी वाट पाहत ओट्यापाशी उभे राहण्यात, हे अशा तक्त्यात मावत नाही.

वहिनीने तोडगा काढला तो आपल्या सासूच्या मडक्यातून. आता सकाळी दहाला पेज आणि एक तोंडीलावणे होते. संध्याकाळी भात आणि एकच पातळ पदार्थ: कधी पिठी, कधी डाळीचे वरण, कधी भाजीचे तोणाक. दवलो खिळ्याला टांगलेला असतो. येईल त्याने वाढून घ्यावे आणि आपले ताट धुऊन पालथे घालावे. पहिल्याच आठवड्यात धाकट्या भाच्याने विचारले, “आणि मासे?” वहिनीने सांगितले, “आयतारा. हाडणार तू, नितळ करणार तू.” रविवारी आणायचे त्याने आणि साफही करायचे त्यानेच. रविवारी अजून मासे होतात, आणि भाचा आता बांगडा साफ करण्यात तरबेज झाला आहे.

मे महिन्यातच घेतलेले निर्णय

‘आज काय करायचे?’ हा प्रश्न रोज नव्याने पडू नये याची व्यवस्था आमच्या आधीच्या पिढ्यांनी करून ठेवली होती. तिचे नाव पुरुमेंत. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेन्तु’ म्हणजे तरतूद, त्याचा हा गोव्यातला उच्चार. शेजारच्या कोकणात हीच आगोट. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन सुके बांगडे, सुकी सुंगटे, चिंच, सोलां, कांद्याच्या माळा, मिरच्या आणायच्या आणि पावसाच्या आधी डबे, बरण्या, शिंकी भरून टाकायची. मिरची हरमलची असली तर उत्तम. पेडणे तालुक्यातल्या या मिरचीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात घराला जे लागेल ते बरणीत.

पुरुमेंताकडे आपण आठवणींचा ठेवा म्हणून बघतो. मला त्यात घरकामाचे शहाणपण जास्त दिसते. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे निर्णय आठ-दहा दिवसांत, सगळ्यांनी मिळून, उन्हात बसून घेतलेले. मग आषाढात बाहेर मुसळधार पाऊस असताना बाईला फक्त हात कोणत्या बरणीत घालायचा तेवढे ठरवायचे. अंगणात ताळखिळा, कुर्डू, अळू आपोआप उगवलेले असायचे. फ्रिजमध्ये अठरा डबे आणि मनात अठरा प्रश्न अशी आजची गत. माझ्या डिचोलीच्या घरी आम्ही मे महिन्यात अर्धेच पुरुमेंत करतो: सोलां, सुकी सुंगटे, कुळथाचे पीठ, मिठातली कैरी. एवढ्यावर पावसातले निम्मे दिवस निभतात.

तंबूतले भांडण

या सगळ्याची कसोटी घराबाहेर लागली. काही वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टाने आम्ही तंबू विकत घेतले आणि पेडण्याच्या किनाऱ्याकडे निघालो. गाडीत कोळसा, जाळी, मसाला लावलेली कोंबडी, तीन चटण्या, पाव, कागदी ताटल्या, आणि त्या सगळ्याला पुरून उरेल एवढी माझी यादी. तंबूची काठी बसेना. वाऱ्याने कोळसा पेटेना. नवऱ्याने माझ्यावर आणि मी मुलांवर आवाज चढवला. घरातले स्वयंपाकघर आम्ही उचलून वाळूत आणले होते, फक्त नळ आणि ओटा मागे राहिला होता.

तेवढ्यात एका स्थानिक माणसाने शांतपणे सांगितले की इथे उघड्यावर रांधायला बंदी आहे. त्याचे खरे होते. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी गोव्यात 2001 चा कायदा आहे. 2019 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अशा जागी उघड्यावर रांधणे आणि दारू पिणे दंडनीय झाले. तेव्हा एकट्याला 2000 आणि गटाला 10,000 रुपये दंड होता. सहलीच्या बसगाड्या किनाऱ्यावर थांबवून चुली मांडणाऱ्यांमुळे हा कायदा आला हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते, आणि तरीही आपण काही ‘ते’ नव्हे असे समजून आलो होतो.

सगळे गुंडाळून रात्री दहाला भावाच्या दारात उभे राहिलो. वहिनी काही न विचारता म्हणाली, “पेज आसा.” मडक्यात सगळ्यांना पुरेल एवढी होती. आम्ही सहा जण पडवीत बसून ती प्यालो. मुलांनी तंबू अंगणातच उभारला आणि काठी या वेळी पहिल्याच झटक्यात बसली.

मांगरातली रात्र

पुढच्या एप्रिलला आम्ही शहाणे झालो. हळर्णच्या बाजूला ओळखीच्यांची काजूची बागायत आहे, तिथल्या मांगरात भाऊ-वहिनींसह राहायचे ठरले. हळर्णचा किल्ला शापोरा नदीच्या काठी आहे. 1746 मध्ये तो घेतला म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉयला ‘हळर्णचा मार्किस’ असा किताब मिळाला. इतिहासाला एवढी मोठी पदवी देणारे हे गाव आज उन्हाळ्यात काजूच्या बोंडूंच्या वासाने घमघमते.

मांगर म्हणजे हंगामापुरते बांधलेले छप्पर. काजूच्या दिवसांत बोंडू गोळा करायला, बिया वेगळ्या करायला, रानडुकरांपासून राखण करायला कुटुंबेच्या कुटुंबे इथे राहत आली आहेत. ज्याला आपण आज कॅम्पिंग म्हणतो ते इथे रोजगाराचा भाग होते, आणि त्या रोजगाराने स्वयंपाकाला शिस्त लावली होती: डोंगर चढताना वाहून नेता येईल तेवढेच.

आम्ही नेले ते असे. माणशी दोन मुठी उकडे तांदूळ, सकाळीच भिजत घातलेले, म्हणजे जळण कमी लागते. पुडीत कुळथाचे पीठ. सोलां, लसूण, मीठ, चार सुक्या मिरच्या. सुकी सुंगटे. एक नारळ. एक मोठे पातेले, एक दवलो, आणि पाण्याचे दोन कॅन. ताटल्या नेल्या नाहीत, कारण केळी तिथे होत्या. पणसाचे पान दुमडून त्याला काडी टोचली की पेज प्यायचा चमचा होतो. हे मी मुलांना शिकवले आणि ती दुपारभर चमचेच करत बसली.

रांधले नवऱ्याने. चूल म्हणजे तीन दगड, मांगराच्या आडोशाला. त्याआधी दोन पावले चहूबाजूंची वाळकी पाने झाडून मातीपर्यंत जागा साफ केली आणि एक कॅन जवळच ठेवला. ही काळजी हौशी नाही. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलापासून अनेक ठिकाणी लागलेल्या आगी गोव्याने पाहिल्या आहेत. काजूची बी भाजताना तर सालातले तेल भडकते आणि त्याचा चटका कातडी सोलवटतो. ते काम आम्ही जाणत्या हातांवर सोडले. उरलेले अन्न उघड्यावर टाकायचे नाही, हाही नियम होता. रानडुकरे आणि गवे इथले जुनेच. 2025 मध्ये पावसाळ्याच्या अखेरीस तर दोडामार्गाकडून एक हत्ती पेडण्यात उतरला आणि भात-केळी तुडवत फिरला.

पेज शिजायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात कोणालाच काही काम नव्हते. मोबाइलला रेंज नव्हती. भाऊ जुन्या राखणदारांच्या गोष्टी सांगू लागला, मुलगी मध्येच उठून जळण सारून येत होती. पेज झाल्यावर कोणी कोणाला वाढले नाही. पातेले मध्ये आणि आम्ही भोवती. धुवायला निघाले ते एक पातेले. नदीत घासायचे नाही म्हणून राखेने आणि मगभर पाण्याने घासले.

पुरुषांची चूल

मांगरात नवऱ्याने रांधले याचे वहिनीला कौतुक वाटले, पण नवल वाटले नाही. आमच्या डिचोली तालुक्यात पुरुषांनी घराबाहेर चूल मांडण्याची मोठी परंपरा आहे. शिरगावच्या श्री लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते. तिचे व्रतस्थ भक्त म्हणजे धोंड. जत्रेआधी ते गावोगावी गटाने एकत्र राहतात, विहीर-तळ्यावर अंघोळ करतात, शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवतात आणि ते जेवण आपले आपण रांधतात. अग्निदिव्याच्या रात्रीचे फोटो जगभर जातात, त्या आधीच्या दिवसांतल्या भात-वरणाचे कोणी काढत नाही. 2025 च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली आणि आमच्या भागातल्या कित्येक घरांत त्या वर्षी चूल पेटवायला हात उठेना. तरी व्रत चालूच आहे. एरवी घरात पाण्याचा तांब्याही न उचलणारे हात तिथे कांदा-लसणाशिवायचे वरण उत्तम करतात. ती चूल घरी का येत नाही, हे मी माझ्या घरातल्या धोंडाला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेज त्याने टाकली.

देवही आपल्याकडे वर्षातून एकदा घराबाहेर जेवतो. कार्तिकात आवळीभोजन येते. गोव्यातल्या काही देवस्थानांची पालखी त्या सुमारास बागायतीत जाते आणि सगळा गाव झाडाखाली पंगतीला बसतो. दिवाळीच्या पाडव्यापासून नवव्या दिवशी आवळी नवमी. यंदा आम्ही दोन्ही घरे मिळून भावाच्या परसातल्या आवळ्याखाली जेवणार आहोत. बेत ठरलेला आहे: भात, खतखते, सोलांची कढी. खतखत्याच्या भाज्या पुरुष चिरणार.

परवा फोटोंची जुनी पेटी काढली होती. बारशी, मुंजी, चवथी, दिवाळ्या. जेवणाच्या प्रत्येक फोटोत वहिनी आहे, पण मागे: हातात भांडे, नजर कोणाच्या तरी रिकाम्या पानाकडे, एक पाय उचललेला. मांगरातला फोटो मोबाइलवर आहे, मुलीने काढलेला, थोडा हललेला. त्यात वहिनी दगडाला पाठ टेकून मांडी घालून बसली आहे आणि पणसाच्या पानाने पेज पिते आहे. पातेल्याशी कोण उभे आहे ते फोटोत आलेले नाही.